तुझ्या गुडघ्याचा कागद

साल दोन हजार पंचवीस. तुला सदुसष्टावं चालू होतं, मला पंच्याहत्तर पुरी झालेली. आपल्या दोघांत आधी कोण जाणार याची मला कधी शंका नव्हती. मी थोरला, मी आधी. याच भरवशावर मी तुला एक अट घालून ठेवली होती, सदा, आणि धाकट्या भावानं ऐकावी तशी तू ती शेवटपर्यंत ऐकलीस. सगळा घोटाळा तिथंच झाला.

तू कसा गेलास, किती वाजता गेलास, मातीला कोण कोण आलं, ते मी लिहीत नाही. वैरागात ते सगळ्यांना ठाऊक आहे. जे कुणालाच ठाऊक नव्हतं ते लिहायला बसलोय. माझी शाळा तिसरीपर्यंत. चुकलं तर चुकलं. तू काही वाचणार नाहीस, आणि जिनं वाचावं ती सध्या माझ्याशी बोलत नाही.

पलटणीतून तू कायमचा घरी आलास तो दिवस मला रोज आठवतो. मी भट्टीपुढं बैलगाडीच्या चाकावर धाव चढवत होतो. लोखंडी पट्टा तापून लाल झालेला, तसाच चाकावर बसवायचा आणि लगेच पाणी ओतायचं. अशा वेळी मान वर करता येत नाही. दारात ट्रंक घेऊन कोणीतरी उभं आहे एवढं कळलं. मी ओरडलो, "पानी वत की, बघत काय ऱ्हायलास!" तू ट्रंक खाली ठेवलीस, बादली उचललीस, दोन पावलं टाकलीस आणि मला तुझा पाय दिसला. धाव बसली, वाफ वर गेली, आणि मी सांडशी हातात धरून तसाच उभा.

त्या दिवशी तू मला सगळं सांगितलंस. एकदाच. वर डोंगरात, बर्फात, गाडीतून पेट्या उतरवत होतास. उताराला गाडी मागं सरकली. बाजूला व्हायला गेलास आणि पाय निसटला. चाक गुडघ्यावरून गेलं.

"गोळी न्हाय, दुश्मन न्हाय," तू म्हणालास. "आपलीच गाडी, आण्णा." आणि हसलास.

सहा महिने दवाखाना, मग बोर्ड, मग घर. बोर्ड म्हणजे डॉक्टरांची पंचायत, हे तूच मला समजावून दिलंस. ते बसून ठरवतात माणूस किती टक्के मोडला ते.

मी विचारलं, "मग किती मोडलास?"

"कागदावर हाय की."

मी कागद बघितला नाही. इंग्रजीत होता. तुझ्यासाठी चहा सांगितला आणि दुसरं चाक घेतलं. तू माझ्याकडं बघत बसलास. आणखी काही विचारेन म्हणून बघत असशील. मी विचारलं नाही. मला तेव्हा एकच काळजी लागली होती. तुझं वय एकतीस झालं होतं आणि लग्न व्हायचं होतं.

दोन महिन्यांनी तुझ्यासाठी सांगून आलेल्या कमळच्या घरचे पाहुणे केमहून घर बघायला आले. कमळचे वडील रेल्वेत गँगमन. माणूस रुळासारखा सरळ आणि तेवढाच कडक. चहाची बशी खाली ठेवून त्यांनी विचारलं, "पावण्यांच्या पायाला काय झालंय?"

तू तोंड उघडायच्या आत मी बोललो. "बैलगाडीवरनं उडी मारली हो. मुरगळलाय. पंदरा दिवसांत पळायला लागंल."

"आनि मिलिट्री?"

"नोकरी झाली की पुरी. बारा वर्षं काय कमी हायत व्हय?"

"तसलं काय असलं तर आदी सांगा, बरं का. नंतर कळल्यालं मला चालत न्हाय."

"धडधाकट हाय माजा भाऊ," मी म्हटलं. "मी सांगतो न्हवं!"

पाहुणे गेले आणि तू म्हणालास, "आण्णा, हे बरं न्हाय झालं." मी तुझ्या मनगटाला धरून तुला भट्टीत नेलं आणि तुझा हात ऐरणीवर ठेवला. आपल्या घरात ऐरणीला पाय लावत नाहीत, तिच्यावर कुणी बसत नाही, आणि तिच्यावर हात ठेवून बोललेलं फिरवत नाहीत. आजा, बाप, सगळे तसेच वागले. मी म्हटलं, "बोल, माज्या तोंडानं ह्या पायाचं कुनाला सांगनार न्हाय." तू बोललास. मग विचारलंस, "कवापर्यंत?" मी म्हटलं, "मी असंस्तवर. मी गेलो की मग खुशाल सांग गावाला दवंडी पिटून."

लग्नाला आठ दिवस राहिले असताना तुझ्या नावाचा कागद आला. पुण्याला मिलिट्रीच्या दवाखान्यात परत तपासणीला या म्हणून. तू विचारलंस, "जाऊन येऊ का? दोन दिवसांचं तर काम हाय."

"हळदीच्या घरातनं नवरदेव दवाखान्यात? कमळचा बाप काय म्हनंल?"

तू गेला नाहीस. कागद ट्रंकेत गेला. पुढं आणखी दोन आले, तेही ट्रंकेत गेले. मग यायचे थांबले. मला वाटलं, सुटलो एकदाचे. पलटणीनं तुझा पाय लिहून ठेवला होता, तुझं हक्काचं तुला द्यायला ती तीनदा दारात आली होती, आणि तिन्ही वेळा मीच ते ट्रंकेचं झाकण लावलं.

कमळ चांगली निघाली. तिखट, पण चांगली. तुझा पाय पंधरा दिवसांत बरा झाला नाही, पंधरा वर्षांतही झाला नाही, तेव्हा तिनं त्याची थट्टा करायला सुरुवात केली. थट्टा केली की माणसाला सोसतं, असं तिला वाटत असावं. बाजारात कुणी विचारलं की म्हणायची, "आमच्यांना शत्रूनं हात लावला न्हाय बाई. बैलानं पाडलं, आनि त्योबी आपल्याच!" बायका हसायच्या. तू पिशवी या हातातून त्या हातात घ्यायचास आणि हसायचास. आणि सदा, मीही हसायचो. गुपित राखायला हसावं लागतं, असं मी मनाशी म्हणायचो. खरं सांगू का? दहा-बारा वर्षांनी मलाही ते बैलगाडीचंच खरं वाटायला लागलं होतं.

तुझं पलटणीचं पुस्तक मात्र मी मानायचो. नोकरी सोडताना मिळालेलं, लाल पुठ्ठ्याचं. दर खंडेनवमीला घण, हातोडी, सांडशी, कानशी धुऊन पाटावर मांडायच्या आणि मधोमध तुझं पुस्तक. लोहाराच्या घरात दुसऱ्या कुणाकडं होतं तसलं पुस्तक? येईल त्याला मी सांगायचो, "भावाचं मिलिट्रीचं हाय." इंग्रजी वाचता तर येत नव्हतं. मग ज्या पानावर सगळ्यात मोठा गोल शिक्का होता ते पान उघडून ठेवायचो. मोठा शिक्का, म्हणजे मोठी गोष्ट असणार. त्यावर ओली हळद, कुंकू, अक्षता, तेलाचं एक बोट. पस्तीस दसरे झाले असतील. तू एकदा म्हणालास, "आण्णा, पुस्तक मिटून ठेव की." मी म्हटलं, "देवापुढं मिटल्यालं ठेवत्यात व्हय?"

तीन वर्षांपूर्वी तुझा गुडघा अडकायला लागला. उठवायला दोन माणसं लागायची. तेव्हा तू एकटाच सोलापूरला गेलास, माजी सैनिकांच्या मेळाव्याला, आणि माने हवालदारांची ओळख काढून आलास. माने स्वतः निवृत्त, दुसऱ्यांचे फॉर्म भरून देतात, चहाच्या वर काही घेत नाहीत. मोडलेल्या पायाच्या पेन्शनसाठी अजून अर्ज करता येतो असं त्यांनी तुला सांगितलं. तू रेग्झिनची नवी पिशवी घेऊन घरी आलास. फक्त कागदांसाठी.

मी म्हटलं, "आता सरत्या वयात कशाला ती वनवन?"

"माज्या हक्काचं हाय, आण्णा."

मला वाटलं, पैसा. म्हातारपणी माणसाला पैशाची भूक लागते. मी तसं बोललो, तुझ्यापुढं आणि तुझ्यामागं पारावरही.

दुसऱ्या खेपेला मी तुझ्यासोबत आलो. माने हवालदारांनी पुस्तक उघडलं आणि चष्मा वर केला.

"हे लोणच्याच्या बरणीत ठेवलं हुतं का काय?"

"पूजा केलीय साहेब," मी म्हटलं. "दर साल."

"अहो, मग पूजा कव्हरची करायची की! सगळं पुस्तक कोरं करकरीत आनि गुडघ्याचं लिवल्यालं पान तेवढं तुमी हळदीनं माखलं. हितं टक्के हायेत, हितं कारन हाय. आता ह्यातलं देवालाबी वाचता येनार न्हाय."

तू खाली मान घालून हसत होतास. मला राग आला. माने म्हणाले, पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसकडून दुसरी प्रत मागवू, फक्त पुस्तक खराब झालं असं अर्जात लिहून द्या. मी म्हटलं, देवापुढचं पुस्तक खराब झालं असं लिहू देणार नाही. ते म्हणाले, मग काय लिहू, पवित्र झालं? मी पुस्तक उचललं आणि घरी आणलं. यात चार महिने गेले. शेवटी मला न सांगता तू ते पुन्हा सोलापूरला नेलंस आणि लिहून दिलंस, माझ्या हातून खराब झालं. माझ्या म्हणजे तुझ्या. त्याची झेरॉक्स मला तू गेल्यावर पिशवीत सापडली.

माने हवालदारांनी त्या दिवसांत तुला जे सांगितलं ते तू मला येऊन सांगायचास, मला ऐकायचं असो नसो. अस्सल कागद हातातून सोडायचा नाही, झेरॉक्स द्यायची. आपल्याकडच्या झेरॉक्सवर आवक नंबर घ्यायचा. नंबर नाही तर कागद दिलाच नाही असं समजायचं. तपासणीला बोलावलं की घरात लग्न असो नाहीतर मयत, जायचं. हे सांगताना तू माझ्याकडं बघितलं नाहीस, तेवढी तुझी मेहरबानी. आणि सगळ्यात मोठं म्हणजे गोष्ट एकच सांगायची. पलटणीच्या कागदात एक आणि दवाखान्याच्या कागदात दुसरी निघाली की फाईल खाली बसते, मग तिला उठवायला जन्म जातो. माने म्हणायचे म्हणे, "लोकं ऑफिसाला शिव्या देत्यात. निम्मा उशीर ऑफिसचा असतोय, निम्मा घरातल्या मानसांचा."

प्रत यायला वेळ होता. तोवर पायाचा ताजा दाखला लागणार होता. आपण सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात गेलो. कमळही आली, तिला डोळे दाखवायचे होते; कागद कसले ते तिला 'पलटणीचं काम' एवढंच ठाऊक होतं. तिचं लवकर झालं आणि डोळ्यांत औषध घातलेलं, पदर लावून ती आपल्याजवळ येऊन उभी राहिली. पोरगेलासा डॉक्टर होता. गुडघा दाबून बघितला आणि विचारलं, "काका, कशानं झालं हे?"

तू माझ्याकडं बघितलंस.

एवढ्या वर्षांत तू माझ्याकडून काही मागितलं नव्हतंस. त्या वेळी मागितलंस. मला कळलं, सदा. तू काय मागतोयस ते मला पुरतं कळलं. "बोल" एवढंच म्हणायचं होतं मी. कमळ शेजारी होती, तिचे मिटलेले डोळे आपल्याच बाजूला. मला केमचे ते पाहुणे दिसले, तिचा बाप दिसला. तो मरून वीस वर्षं झाली, तरी दिसला.

मी म्हटलं, "बैलगाडीवरनं पडला साहेब. लई वर्षं झाली."

डॉक्टरनं लिहिलं. कमळ पदराआडून म्हणाली, "बैलबी गरीब हुता म्हनं, डॉक्टरसाहेब." डॉक्टर हसला. तू हसला नाहीस. त्या दिवशी पहिल्यांदा तू हसला नाहीस. दाखल्याची घडी केलीस, पिशवीत घातलीस, चेन लावलीस.

वैरागच्या स्टँडवर उतरलो. कमळ पुढं गेल्यावर म्हणालास, "बसली फाईल, आण्णा."

तसंच झालं. पलटणीकडून प्रत आली, तिच्यात गाडी, उतार, पेट्या, सगळं. दवाखान्याच्या दाखल्यात बैल. हरकत निघाली. माने म्हणाले, ज्यानं दवाखान्यात सांगितलं त्यानंच प्रतिज्ञापत्र द्यायला पाहिजे, की मी सांगितलं ते खरं नव्हतं. तू त्याचा कोरा कागद घेऊन भट्टीत आलास. भट्टी आता कुठली, विळे-खुरपी शेवटायला, म्हणजे धार काढून घ्यायला, कुणी आणून देतं तेवढीच. मी खुरपं घासत होतो.

"म्हातारपनी मला खोटारडा ठरवतोस?"

"ठरवत न्हाय. लिहून दे म्हनतो."

"एकच झालं की ते."

"बरं, मग शपथेतनं तरी सोड. मी कमळीला सांगतो. ती काय आता सोडून जानार हाय व्हय मला?"

"मी गेल्यावर सांग. मी तरी किती दिवस ऱ्हायलोय आता?"

तू मला वरपासून खालपर्यंत बघितलंस. "आण्णा, तुजी तब्येत माज्यापेक्षा बरी हाय की!"

आणि आपण दोघं हसलो. खो खो हसलो. मला खोकला लागला, तू पाठीवर थापट्या मारल्यास. देवाशपथ सांगतो, मला तेव्हा वाटलं, मिटलं भांडण.

ते मिटलं नव्हतं. तू आणखी दोनदा विचारलंस. नंतर विचारायचं सोडलंस आणि नुसता येऊन बसायचास, पाय लांब करून, तुझ्या त्या एका बाजूला उतरत्या स्टुलावर. गुडघा वाकत नाही म्हणून तू तो स्वतःच ठोकला होतास. त्यावर बसून तू उसाच्या हंगामाआधी कोयत्यांना धार लावून द्यायचास. मी निमोनियानं पडलो त्या साली तीन महिने तूच भट्टी चालवलीस, एका पायावर. गिऱ्हाइकाला सांगायचास, "आण्णानं केलंय, आत पडून हायत." माझं नाव राहावं म्हणून. ते खोटं मला गोड लागलं, सदा. तुझं खरं मात्र मला सोसलं नाही. हे लिहायला मला एवढं म्हातारं व्हावं लागलं.

आठ महिने ते प्रतिज्ञापत्र कोरं पडून राहिलं. आठ महिने. मग तू गेलास.

दहाव्याला माने हवालदार आले. पिंड ठेवून झाल्यावर बाजूला बसले. मी म्हटलं, "त्याला पैसा मिळाला असता तर बरं झालं असतं." माने माझ्याकडं बघत राहिले.

"पैसा? पैशाचं कवा बोललेच न्हायत ते माज्यापाशी."

"मग काय बोलायचा?"

"एकच विचारायचे. निकालाचं पत्र घरी येतंय न्हवं? पोस्टमन कुनाच्या हातात देतोय? दुपारी घरी बायको असती, म्हनाले, तिच्या हातात देईल का? मी म्हटलं, देईल की, सही घेऊन. मग म्हनाले, मराठीत असतंय का? मी म्हटलं, न्हाय, हिंदी-इंग्रजी. लई विचार केला त्यांनी. मग म्हनाले, हिंदी चालंल. सातवी शिकल्याली हाय, लावंल अक्षर जुळवून."

मान्यांना वाटलं मला नीट कळलं नाही. ते म्हणाले, "आण्णा, मी त्यांना म्हटलं, तुमीच सांगून टाका की घरी. तर म्हनाले, माज्या तोंडानं सांगायचं न्हाय असं ठरलंय. कागदानं सांगितलं तर चालतंय."

तू शपथ मोडली नाहीस. तू तिला वळसा घालून निघाला होतास, मोडक्या गुडघ्यानं, तीन वर्षं, सोलापूरच्या एसटीनं, एवढ्यासाठी की एका दुपारी कमळनं दारात उभं राहून एक कागद वाचावा. आणि मी पारावर म्हणत होतो, सदाला हाव सुटलीय.

मी मान्यांना विचारलं, आता काय होईल. त्यांनी मला खोटा धीर दिला नाही. म्हणाले, बायकोच्या नावानं पुढं नेता येतं, पण पहिल्यापासून. ती हरकत तशीच उभी आहे. तुझ्याबरोबरचा एक साथीदार साक्ष देणार होता, त्याचा पत्ता लागत नाही. गुडघा तपासायला आता गुडघा नाही. "वर्ष लागंल, दोन लागतील. आनि शेवटी न्हायसुद्धा येईल. आण्णा, हे तेव्हाच द्यायला पायजे हुतं."

तेव्हा म्हणजे कधी, ते त्यांनी सांगितलं नाही. मला चार-पाच तेव्हा आठवले.

तेराव्याला गोड जेवण करून लोक गेले. कमळ मागच्या दारात भांडी लावत होती. मी उंबऱ्याशी बसलो आणि सांगितलं. गाडी, बर्फ, पेट्या, केमचे पाहुणे, ऐरण, ट्रंकेतले कागद, दवाखाना. मध्ये थांबलो नाही, थांबलो असतो तर राहिलंच असतं. तिच्या हातात परात होती. ती तिनं खाली ठेवली नाही.

"कुनाची गाडी?" तिनं विचारलं.

"मिलिट्रीची."

"बैलाची न्हाय?"

"न्हाय."

मग ती म्हणाली, "छत्तीस वर्षं मी त्यांना चारचौघांत हसले. आनि आण्णा, तुमी शेजारी बसून ऐकत हुता."

मी म्हटलं, "तुज्या वडलांना मी शब्द दिला हुता."

"माजा बाप मेला की वो! आमच्यांच्या तरी जिवाचा इचार करायचा हुता."

परात भिंतीला टेकवून ती आत गेली आणि दार लावून घेतलं. रडल्याचा आवाज आला नाही. मी ऐकायला बसलो होतो, लपवत नाही. ती रडली असती, मला शिव्या दिल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं, आणि तेवढं बरं वाटायचीही माझी लायकी नाही हे मला त्या उंबऱ्यावर कळलं. तिला आता तुझी माफी मागायची आहे, आणि ती मागायला तू नाहीस. ते मी केलं. तुझं तर गेलंच होतं, तिचंही मी नेलं.

तुझ्याशी मला अजून भांडायचंय, सदा. एवढं कशाला ऐकलंस माझं? ऐरण म्हणजे काय, लोखंडाचा ठोकळा. एकदा तरी उलटून बोलायचं होतंस. दवाखान्यात माझ्याकडं बघण्यापेक्षा डॉक्टरकडं बघून बोलला असतास, तर मी काय केलं असतं? दोन दिवस जेवलो नसतो. एवढंच. तू पलटणीत हुकूम पाळायला शिकलास आणि घरी येऊन माझे पाळलेस. चांगल्या हुकमाला बरा होतास तू. माझ्यासारख्याचा हुकूम असा पाळायचा नसतो, हे तुला कोणी सांगितलं नाही. सांगणारा मीच होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या एसटीनं सोलापूरला गेलो. कोर्टाबाहेर झाडाखाली टाईप करून देणारे बसतात, त्यातल्या एकापुढं बसलो. त्याच्याकडं मशीन नव्हतं, कॉम्प्युटर होता. मागं पाच-सहा माणसं उभी होती.

"काय लिहायचं, बाबा?"

"लिवा, मी खोटं बोललो."

तो हसला. "असं नसतं लिहायचं. 'अनवधानाने चुकीची माहिती दिली गेली' असं घालतो."

"अनवधानानं म्हंजी?"

"म्हणजे तुमचं लक्ष नव्हतं."

"माजं सगळं लक्ष हुतं."

"बाबा, उगाच तुम्हाला अडचण येईल."

"येऊ द्या. दोनदा बोललो. एकदा पावण्यांपुढं, एकदा डॉक्टरपुढं. दोन्हीबी लिवा. आनि भाऊ खरं बोलनार हुता, मी बोलू दिलं न्हाय, ह्येबी लिवा."

त्यानं मग काही सुचवलं नाही. मी सांगितलं तसं टाईप केलं आणि मला ऐकू यावं म्हणून मोठ्यानं वाचून दाखवलं. मागची माणसं बोलायची थांबली. मी त्यांच्याकडं वळून बघितलं, एकेकाच्या तोंडाकडं, आणि परत पुढं बघितलं.

"भाऊ कुठायत?" त्यानं विचारलं. "आलेत का? खाली त्यांची पण सही घेतली तर पक्कं होईल."

मी म्हटलं, "त्यो न्हाय."

"उद्या आणा मग."

"त्यो न्हाय," मी परत म्हटलं.

तेव्हा त्याला कळलं. त्यानं तुझ्या नावाच्या आधी 'मयत' घातलं, जिथं जिथं तुझं नाव होतं तिथं तिथं, आणि कागद पुन्हा छापून काढला. मी सही केली.